वाचकांचे प्रश्न : गहाणाचे पत्र

प्रश्न : जर्मन बँकांच्या बातम्यांत ‘प्फांटब्रीफ’ हा शब्द येतो. ‘ब्रीफ’ म्हणजे पत्र. मग कर्जरोख्याला पत्र का म्हणावे?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘प्फांट’ म्हणजे तारण. ‘ब्रीफ’ हा लॅटिनमधील ‘ब्रेविस’, म्हणजे ‘आखूड’, या विशेषणापासून आला असून त्याचा मूळ अर्थ थोडक्यात लिहिलेला लेख किंवा दस्तऐवज असा होता. टपालाचे पत्र हा अर्थ पुढे रूढ झाला. आपल्या ‘गहाणखत’ शब्दाची घडण अगदी अशीच आहे, कारण ‘खत’ म्हणजे लेखही आणि पत्रही. गंगावेशीतल्या जुन्या घरांच्या कागदांत तो आजही सापडेल.

जर्मन शब्दाचा जुना अर्थ केवळ तारणाचा दस्त एवढाच होता. सात वर्षांच्या युद्धाने (१७५६–६३) प्रशिया या जर्मन राज्याच्या सायलेशिया प्रांतातील जमीनदार कर्जात बुडाले, तेव्हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७६९ मध्ये आदेश काढून त्यांची पतसंस्था उभारण्याचा मार्ग मोकळा केला, आणि तिने काढलेले रोखे याच नावाने ओळखले जाऊ लागले. रोख्यावर विशिष्ट जहागिरीचे नाव असे, शिवाय संस्थेतील सर्व जमीनदार संयुक्तपणे जबाबदार असत. सहकारी पतसंस्थांच्या जिल्ह्यातील वाचकांना ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही. (संस्थेचे सभासदत्व मात्र सरदारांपुरतेच होते!)

आता रोख्यामागे एकच जहागीर नसते, तर बँकेने वेगळ्या नोंदवहीत दाखवलेल्या कर्जांचा संच असतो, आणि बँक बुडाल्यास त्या संचावर रोखेधारकांचा पहिला हक्क राहतो.