बिन्नागुडीला निघालेलं कपाट आणि लोणच्याची बरणी

प्रश्न : ताई नमस्कार, माझे मिस्टर फौजेत हवालदार आहेत. देवळालीत आमची चार वर्षं छान गेली आणि आता पोस्टिंग आलंय बिन्नागुडीला, तिकडं बंगालात. ते पुढं जाऊन रिपोर्ट करणार, क्वार्टर मिळालं की मी दोन मुलांना घेऊन जाणार. सामानात आईनं लग्नात दिलेलं सागवानी कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन, बाईक आणि बारा ट्रंका. ट्रकवाला म्हणतो पूर्ण गाडी घ्या, शेजारची म्हणते पार्ट लोड कर, म्हणजे दुसऱ्यांच्या सामानासोबत एकाच गाडीत. काय नेऊ, काय ठेवू आणि पैसे किती मिळतात?

उत्तर : अगं, आधी ते कपाट माहेरी पाठव. रागावू नकोस, पण क्वार्टरमध्ये पलंग, टेबल, खुर्च्या एमईएसकडनं, म्हणजे फौजेच्या बांधकाम-देखभाल खात्याकडनं मिळतात. शिवाय बिन्नागुडी म्हणजे डुआर्स, हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा, चार महिने नुसता पाऊस, सागवान टिकेल पण दारं फुगून बसतील आणि चामड्याच्या बुटांवर आठवड्यात पांढरी बुरशी येईल. (रात्री कॅन्टोन्मेंटात हत्ती फिरतात ते वेगळंच, मुलांना आवडेल.) कपडे ट्रंकेत भरताना पूर्ण वाळलेलेच भर, सोबत वाळवलेला कडुलिंबाचा पाला.

आता ट्रंका. नाव, नंबर, युनिट पांढऱ्या रंगानं ट्रंकेवर लिहितातच, पण त्याखाली 1/12, 2/12 असंही लिही, म्हणजे उतरवताना सातवी आली का नाही हे लगेच कळतं. वहीत नुसतं 'किचन' लिहून भागत नाही, 'कुकर, तवा, मिक्सरची दोन भांडी, चहाचं पातेलं' असं लिही. आणि एक ट्रंक पहिल्या रात्रीची, त्यात चादरी, मच्छरदाणी, बल्ब, चहा-साखर, मुलांचे दोन-दोन कपडे, स्क्रू ड्रायव्हर. ती ट्रकात सगळ्यात शेवटी चढवायची म्हणजे आधी उतरते. लोणचं, तूप, तेल ट्रकात अजिबात नको, मी एकदा सासूबाईंच्या हातच्या लोणच्याची बरणी दोन स्वेटरांत गुंडाळून ह्यांच्या ब्लेझरच्या ट्रंकेत ठेवली होती, ती वाटेत तडकली आणि पुढची दोन वर्षं ब्लेझर घातला की मेसमध्ये मोहरीचा वास यायचा.

पार्ट लोड स्वस्त पडतं हे खरं, पण सामान वाटेत गोडाऊनला उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं, आणि तुझ्याकडं फ्रीज आणि मशीन आहे. त्यापेक्षा युनिटमध्ये विचार, तिकडच्याच सुकना किंवा हाशिमाऱ्याला कुणी निघालंय का, दोघींनी मिळून एक ट्रक केला तर दोघींचं भागतं. बोलणी फोनवर करू नकोस. माझा एक ट्रकवाला गेटपाशी येऊन अडून बसला, हमाली वेगळी, टोल वेगळा, वरच्या मजल्याचे वेगळे, आणि मुलं उपाशी म्हणून मी गुपचूप पैसे काढून दिले. लोडिंग, अनलोडिंग, मजला, टोल, इन्शुरन्स सगळं कागदावर घे आणि बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याची मालाची पावती, ट्रकात नाही, तुझ्या पर्समध्ये ठेव. बिल जीएसटीचं पाहिजे, साध्या चिठ्ठीवर सरकारकडनं भाडं मागायचा क्लेम अडकतो.

पैशांचं म्हणशील तर बदलीची ग्रँट बेसिकच्या 80 टक्के असते, शिवाय सामानाचं भाडं हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या वजनापर्यंत आणि किलोमीटरच्या दरानं, आणि एक दुचाकी. ॲडव्हान्स मिळतो, युनिटच्या क्लार्कसाहेबांना आधीच भेटायला सांग. धाकट्याचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या कुटुंबाच्या नोंदीत, चढलंय का तेही मिस्टरांना आत्ताच बघायला लाव, नाहीतर त्याचा प्रवास क्लेममध्ये बसत नाही.

बाईक नाशिकरोडहून रेल्वे पार्सलनं जाते. टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढून पिशवीत, बारदानाचं पॅकिंग, आरसीची झेरॉक्स सोबत. एमएच नंबर तिकडं वर्षाच्या वर चालवायचा असेल तर नाशिक आरटीओची एनओसी निघायच्या आधीच घ्या, नंतर त्या कागदासाठी सुट्टी टाकून कोण येणार? पुढं कधी नवी गाडी घेतलीत तर बीएच सिरीजची, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या नंबरची घ्या, 2021 पासून फौजींना मिळते.

गॅसचं सिलेंडर ट्रकात घालायचं नाही. सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्यायचं, त्यावर तिकडं कनेक्शन मिळतं. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा कर, उभाच ने, पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू कर.

राहिलं मार्चिंग आउट, म्हणजे क्वार्टर सोडताना ताबा परत देणं. एमईएसचा माणूस यादी घेऊन येतो, तेव्हा पंखे, नळ, काचा, खुर्च्या मोजून देताना तू स्वतः उभी राहा. आलात तेव्हा तुटकी असलेली खुर्ची मार्चिंग इनला लिहून घेतली नसेल तर तिचे पैसेही तुमच्याच नावावर पडतात. तिकडं क्वार्टरमध्ये शिरताना तडकलेल्या काचेचा फोटो काढ आणि यादीवर लिहून सही घे.

प्रश्न : मुलाला फौजेत फिल्ड पोस्टिंग आलंय, तिथं कुटुंब नेता येत नाही, म्हणून सून आणि नात आमच्याकडं सातारला येणार. सगळं सामान इथं आणायचं का? आमचं घर दोन खोल्यांचं आहे.

उत्तर : काकू, फिल्डला जाताना कुटुंब जिथं राहणार तिथवर सामान न्यायचा खर्च मिळतो, तो सोडू नका. पण आधी सुनेला विचारा की तिला साताऱ्यातच राहायचंय का, कारण फौजींच्या कुटुंबांसाठी काही स्टेशनांवर वेगळी क्वार्टर्स असतात, त्यांची वेटिंग लिस्ट असते आणि तिथं नातीची केंद्रीय विद्यालयाची शाळा चालू राहू शकते. ती तुमच्याकडंच येत असेल तर ट्रंका विटांवर ठेवा, जमिनीवर नको. आणि तिच्या ट्रंकेची किल्ली तिच्याकडंच राहू द्या.