जास्तीची मिती असलीच तर लपलीय कुठे?

प्रश्न: लांबी, रुंदी, उंची सोडून आणखी मिती असतात म्हणे, मग त्या दिसत कशा नाहीत? आणि हा विषय निघाला की सगळे ग्रॅव्हिटीवरच का घसरतात?

उत्तर: असतात म्हणे, इथेच थोडं थांबू, कारण अजून एकही सापडलेली नाही. कल्पना मात्र जुनी आहे. थिओडोर कालुझा या गणितज्ञाने १९१९ मध्ये आइन्स्टाइनला कळवलं की तुमची ग्रॅव्हिटीची समीकरणं काळ धरून चारऐवजी पाच मितींत लिहिली तर ग्रॅव्हिटी मिळतेच, वर मॅक्सवेलची वीज-चुंबकाची समीकरणंही फुकटात पदरात पडतात. पेपर छापून यायला १९२१ उजाडलं. ती पाचवी गेली कुठे, तर ऑस्कर क्लाइन हा भौतिकशास्त्रज्ञ १९२६ मध्ये म्हणाला की ती इतक्या बारीक वर्तुळात गुंडाळलीय की आपल्याला पत्ताच लागत नाही.

आता ग्रॅव्हिटी. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौपट जागेत पसरतो, म्हणून चौथा हिस्सा उरतो, ग्रॅव्हिटीचंही तेच, आणि हे होतं ते जागेला तीन दिशा आहेत म्हणून. चौथी असती तर आठवा हिस्सा उरला असता. म्हणजे दिशा मोजायला डोळे नकोतच, ओढ मोजा की झालं! १९९८ मध्ये अर्कानी-हमेद, दिमोपूलोस आणि द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं की आपण आणि प्रकाश तीन मितींच्या पडद्याला चिकटलेले आहोत, ग्रॅव्हिटी तेवढी बाहेर झिरपते, म्हणून ती इतकी मरतुकडी. जास्तीच्या मिती दोन असतील तर त्या मिलिमीटरच्या आसपासही असू शकतात. मला ही आयडिया आवडते ती याचसाठी, की टेबलावर तपासता येते: दोन वस्तू तेवढ्या जवळ आणायच्या आणि ओढीचा चौथ्या हिश्शाचा हिशोब बिघडतो का ते बघायचं.

आणि तपासलीही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भोकं पाडलेली एक चकती बारीक तारेला टांगली, खाली तशीच दुसरी फिरवत ठेवली, विजेची ओढ मध्ये लुडबुडू नये म्हणून दोघींमध्ये धातूचा पातळ पडदा ताणला. खालची भोकं सरकली की वरची चकती किंचित पिळली जाते, तेवढा पीळ मोजायचा. २००७ मध्ये अंतर ५५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणलं, २०२० मध्ये ५२, म्हणजे साधारण केसाची जाडी, तरी न्यूटनचा नियम, म्हणजे तोच चौथ्या हिश्शाचा हिशोब, जागचा हलला नाही. मिती याहून बारीक असेल तर अजून सुटलेली आहे, आणि स्ट्रिंग थिअरीवाल्यांच्या (सगळे कण म्हणजे बारीक थरथरत्या तारा, असं मानणाऱ्यांच्या) मिती तर बहुतेक इतक्या लहान धरतात की असल्या तराजूंना त्या कधीच सापडायच्या नाहीत.