बास माशासाठी जिग निवडताना पाणी बघून काय ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वेगवेगळ्या रंगांचे आणि वजनांचे जिग घेऊन ठेवलेत, पण नितळ पाण्यात कोणता, गढूळ पाण्यात कोणता आणि थंडीत कोणता हे कळत नाही, जिग सारखा तळाशी अडकतो आणि मासा लागला की नाही तेही समजत नाही. उत्तर जरा लांबणार आहे, कारण जिग, म्हणजे जड धातूचं डोकं बसवलेला हुक आणि त्याभोवती रबरी झालर (स्कर्ट), हे माझं सगळ्यात आवडतं आमिष आहे आणि मोठा बास हवा असेल तर डब्यात माझा हात आधी तिकडेच जातो.

सगळ्यात आधी, रंग बाजूला ठेवा. नवीन माणूस नेहमी रंगापासून सुरू करतो, दुकानातही रंगच आधी दिसतात, त्यामुळे ते साहजिक आहे. पण क्रम उलटा हवा. आधी तळाला काय आहे ते बघायचं, त्यावरून जिगच्या डोक्याचा आकार ठरतो. मग तो पाण्यात किती वेगाने खाली जायला हवा हे ठरवायचं, त्यावरून वजन आणि ट्रेलर, म्हणजे हुकवर मागे लावायचं मऊ रबरी आमिष, ठरतो. आणि मग रंग. यातली वेगाची गोष्ट सगळ्यात मोठी, कारण बास बऱ्याचदा जिग खाली पडत असतानाच घेतो, किंवा तळाला टेकल्या टेकल्या. लोक वजन निवडतात ते लांब फेकता यावं म्हणून, पण खरं तर वजन म्हणजे पडण्याचा वेग, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

आकाराचं पटकन सांगतो. दगडगोटे, खडी, कातळाचा उतार असेल तर फुटबॉल जिग, त्याचं डोकं आडवं रुंद असतं त्यामुळे दगडावरून ओढताना ते डोलतं आणि मागचा ट्रेलर वर उचलला जातो, अगदी क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा नांग्यांचा प्राणी) नांग्या वर करून मागे सरकतो तसं दिसतं. पण हाच जिग गवतात टाकला तर तो गवत गोळा करत येतो, तिथे तो नकोच. बुडालेली झाडं, फांद्या, दाट गवत असेल तर फ्लिपिंग जिग, त्याचं डोकं निमुळतं, लाइन बांधायची कडी पुढच्या टोकाजवळ, हुक जाड आणि वीड गार्ड, म्हणजे हुक गवतात अडकू नये म्हणून त्यापुढे बसवलेले ताठ केस, दणकट. गवताच्या वरून किंवा कडेने चालवत आणायचा असेल तर स्विम जिग. आणि सगळीकडे बऱ्यापैकी चालणारं डोकं म्हणजे आर्की, थोडं चपटं, लाकडावरूनही येतं आणि दगडावरूनही. एकच जिग घ्यायचा म्हणालात तर मी ३/८ औंसचा आर्की घ्या म्हणेन, म्हणजे साधारण १०-११ ग्रॅम.

आता वेग. बासच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर खाली-वर होतं, पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते, तो आमिषाच्या मागे लांब धावत नाही. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मी लहान, आखूड स्कर्टचा फिनेस जिग लावतो, १/४ किंवा ५/१६ औंसचा, आणि ट्रेलर असा की ज्याचे हातपाय फार फडफडत नाहीत, साधा चंक, म्हणजे आखूड जाडसर ट्रेलर. तळावर एक वीत सरकवायचा आणि थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मनात दहापर्यंत मोजा. थंड पाण्यात बहुतेकांचं इथेच चुकतं, जिग बरोबर असतो पण हात थांबत नाही.

पाणी तापलं की चित्र पालटतं. उन्हाळ्यात बास खोल कातळावर किंवा उताराच्या कडेला गेलेला असतो, तिथे ३/४ औंसचा फुटबॉल जिग झपकन खाली गेला की पोट भरलेला मासासुद्धा झडप घालतो, कारण विचार करायला वेळच मिळत नाही. शिवाय ६-७ मीटर खोल पाण्यात हलका जिग तळाला कधी टेकला तेच कळत नाही, वारा असेल तर लाइनला पोट पडतं आणि जिग तळ सोडून तरंगत येतो. वाऱ्यात एक पायरी जड जा.

ट्रेलरनेही वेग बदलतो, हे फार कमी जण वापरतात. तोच ३/८ चा जिग, मागे मोठ्या पसरट नांग्यांचा ट्रेलर लावला की पाणी अडतं आणि तो हळू उतरतो, बारीक चंक लावला की सरळ खाली जातो. जाड लाइनही पाण्यात जास्त ओढ घेते, त्यामुळे २० पाउंडच्या (म्हणजे तितका ताण सोसणाऱ्या) लाइनवरचा जिग १२ पाउंडच्या लाइनवरच्यापेक्षा हळू जातो. म्हणजे डब्यात दोनच वजनं असली तरी तुम्ही चार-पाच वेग काढू शकता.

आता पाणी किती स्वच्छ आहे त्याकडे वळू. पांढरं काहीतरी, म्हणजे पांढरा जिगच, पाण्यात सोडा आणि तो दिसेनासा कुठे होतो ते बघा. हाताच्या कोपराइतक्या खोलीतच दिसेनासा झाला तर पाणी गढूळ. दोन-अडीच मीटरवरही दिसतोय तर नितळ. मधलं सगळं मळकट, आणि जिगसाठी हे मळकट पाणीच मला सगळ्यात जास्त आवडतं, मासा बिनधास्त असतो, किनाऱ्याजवळ येतो आणि आमिषाची फार तपासणी करत नाही.

नितळ पाण्यात बास डोळ्यांनी शिकार करतो, त्यामुळे तिथे जिग लहान, स्कर्ट विरळ, रंग तळाशी मिळताजुळता. ग्रीन पम्पकिन (हिरवट तपकिरी) किंवा तपकिरी, बस. लाइन फ्लोरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारी, १० ते १२ पाउंड, आणि होडीपासून लांब फेकायचं, कारण तुम्हाला मासा दिसतोय तर त्याला तुम्ही कधीच दिसलेले असता. सावली शोधा, खोल कडा शोधा, वाऱ्याने पाण्यावर लहरी उठल्यात ती बाजू शोधा. पहाटेची आणि संध्याकाळची वेळ इथे जास्त कामाची.

गढूळ पाण्यात तो डोळ्यांवर कमी आणि अंगावरच्या पार्श्वरेषेवर जास्त अवलंबून असतो, म्हणजे दोन्ही कुशींवरून जाणारी ती संवेदनशील रेघ, पाण्यातली हालचाल त्याला तिथून कळते. म्हणून जिग भरदार हवा, दाट स्कर्ट, पाणी ढकलणारा मोठा ट्रेलर, खुळखुळणारा रॅटल असेल तर उत्तम. रंग काळा-निळा, त्याची आकृती मातकट पाण्यात ठळक उठून दिसते. पण रंगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जागा. गढूळ पाण्यात मासा उथळ येतो आणि एखाद्या खोडाला, खांबाला, दगडाला अगदी चिकटून बसतो, तिथून तो हलत नाही. जिग खोडापासून दोन हात लांब पडला तर त्याच्यासाठी तो नसल्यातच जमा. एकाच खोडाच्या डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, मागे, असं तीन-चार वेळा टाका, घाई करू नका. लाइन इथे जाड चालते, २० पाउंड फ्लोरोकार्बन, दाट गवत असेल तर सरळ ५० ते ६५ पाउंडची ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन.

आणि पावसाने नुकतंच गार गढूळ पाणी उतरलं असेल तर ती सगळ्यात अवघड वेळ, कारण तापमान पण घसरलेलं असतं. तेव्हा गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे एकमेकांना भिडतं ती रेघ शोधा, मी तरी तिथेच जातो.

जवळून हळूच जिग सोडायची ही फ्लिपिंगची पद्धत गाजवली ती कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी, १९७० च्या दशकात. लांब रॉड, थोडीच लाइन बाहेर, आणि लंबकासारखा झोका देऊन जिग आवाज न करता झुडपाच्या पोटात. मळकट आणि गढूळ पाण्यात आजही याच्याइतकं प्रभावी मला दुसरं काही वाटत नाही. घरी जमिनीवर एक वाटी ठेवून सराव करा, जिग वाटीत पडला पाहिजे आणि टणकन वाजता कामा नये.

आता तुमचा मुख्य त्रास, मासा लागलेला कळत नाही. बास जिग चावत नाही, तो तोंड आणि कल्ले एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो, आणि खोटं वाटलं तर तितक्याच पटकन थुंकतो. त्यामुळे जोराचा झटका बसेल अशी वाट बघत बसलात तर बरेचसे मासे तुम्हाला न कळताच येऊन जातात. जिग पाण्यात पडला की रॉडचं टोक त्याच्या मागोमाग खाली न्या, लाइन जराशी सैल, पण इतकी नाही की ढिगाने पडलीय. खूप ताणून धरली तर जिग सरळ खाली न जाता तुमच्याकडे झुलत येतो आणि खोडापासून लांब पडतो. नजर ठेवायची ती लाइन पाण्यात शिरते त्या बिंदूवर. तिथे पाणी चार मीटर आहे हे माहितीय आणि लाइन दोन मीटरवरच थांबली, तर ती उगाच थांबलेली नसते. लाइन बाजूला सरकू लागली, तोच मासा. आणि कधी कधी उलटंच होतं, हातात जे वजन जाणवत होतं ते अचानक नाहीसं होतं, कारण माशाने जिग उचललाय आणि तो तुमच्याच दिशेने येतोय. रबर ओढल्यासारखं मऊ काही लागलं तरी तो मासाच समजा.

शंका आली की सैल लाइन पटकन गुंडाळायची, रॉडचं टोक माशाकडे, आणि मग दोन्ही हातांनी जोरात वर. जिगचा हुक जाड असतो आणि वर वीड गार्डचे केस असतात, ते दाबून हुक आत घुसवायचा म्हणजे मनगटाचा हलका हिसका पुरत नाही. म्हणूनच रॉड ७ फुटांच्या आसपास किंवा थोडा जास्त, हेवी किंवा मीडियम हेवी, टोक फास्ट, म्हणजे फक्त टोकाजवळच वाकणारा. हलक्या रॉडवर माणूस कितीही कुशल असला तरी मासे सुटतात. फक्त तो बारीक वायरचा फिनेस जिग असेल तेव्हा मीडियम हेवी आणि जरा सांभाळून.

वीड गार्डबद्दल अजून एक, पाकिटातून काढलेला जिग तसाच बांधू नका. ते केस बऱ्याचदा फार दाट आणि लांब असतात. हुकच्या टोकाच्या किंचित वर राहतील इतके कापा, उघड्या पाण्यात मासेमारी करत असाल तर चार-पाच केस काढूनच टाका, आणि उरलेले बोटाने पंख्यासारखे पसरवा. हुकचं टोक नखावर घासून बघा, घसरलं तर धार लावा.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की आपण रीलने ओढतो. जिग रॉडने हलवायचा आणि रीलने फक्त सैल झालेली लाइन गोळा करायची. रॉड आडवा फिरवत ओढला की तळ हाताला वाचता येतो, खडीवर टकटक लागते, चिखलात जड आणि गुळगुळीत वाटतं, लाकडावर चढताना हळूहळू ताण वाढतो आणि मग एकदम सुटतो. हा ताण वाढायला लागला की हिसडा मारू नका, त्यानेच हुक लाकडात रुततो. लाइन जराशी सैल सोडून रॉडचं टोक नुसतं थरथरवा, जिग आपोआप उलटून पलीकडे पडतो. आणि त्या क्षणी सावध राहा, फांदीवरून सुटून खाली पडणारा जिग बास क्वचितच सोडतो. कातळावर काम करत असाल तर शेवटच्या दोन वीत लाइनवरून अधूनमधून बोटं फिरवा, खरखरीत लागली की कापून नवी गाठ मारा.

स्विम जिगबद्दल थोडंच सांगतो. पाणी १५ अंशांच्या वर गेलं, गवत वाढलं आणि लहान मासे पृष्ठभागाजवळ दिसू लागले की पांढरा १/४ किंवा ३/८ चा स्विम जिग, मागे शेपटी हलवणारा ट्रेलर, आणि सरळ एका गतीने गवताला घासत आणायचा. मध्येच एखादा थांबा. बास अंडी घालतो तेही साधारण १५ ते २० अंशांच्या दरम्यान, तेव्हा नर घरट्यावर राखण करत असतो आणि काहीही टाकलं तरी तोंडात धरून बाजूला नेतो. काही ठिकाणी त्या काळात मासेमारी बंद असते, तिथे प्रश्नच नाही. जिथे बंदी नाही तिथेही मी घरट्यावरच्या माशाच्या वाटेला जात नाही, नर हटला की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

आता शिसं आणि टंगस्टन. टंगस्टन शिशापेक्षा साधारण पावणेदोन पट घन आहे, त्यामुळे त्याच वजनाचं डोकं लहान होतं, गवतातून सहज जातं आणि कठीण असल्यामुळे तळ हाताला जास्त स्पष्ट कळतो. महाग असतं, पण दाट गवतासाठी एक तरी घ्या. शिसं टाळण्याचं दुसरं कारणही आहे, पाण्यात तुटून राहिलेले शिशाचे लहान तुकडे लून पक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणूनच अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत शिशाच्या लहान जिगवर बंदी आहे. जिथे मासेमारी करणार तिथला नियम आधी वाचा, आणि अडकलेला जिग काढता येत असेल तर होडी पलीकडच्या बाजूला नेऊन उलट दिशेने ओढून काढा, निम्म्याहून जास्त वेळा तो तसाच सुटतो.