घरामागचा डोंगर खचणार का हे आधी कळू शकतं का?

दिवस-वेळ कोणी सांगू शकत नाही, पण धोका किती आहे ते बऱ्यापैकी कळतं. आपल्या सह्याद्रीत खाली कडक बेसॉल्ट आणि वर झिजलेला मुरूम-माती असते, चार दिवस पाऊस लागून राहिला की पाणी मातीतून मुरतं आणि खडकावर अडतं, तिथे पाण्याचा दाब वाढला की मातीची पकड सुटते आणि वरचा थर घसरतो. म्हणून भूगर्भवाले उतार मोजतात, बोअर मारून मातीचा थर किती जाड ते बघतात, लॅबमध्ये तिची ताकद तपासतात, मग धरून ठेवणारं बल भागिले खाली ओढणारं बल काढतात. उत्तर १ च्या खाली म्हणजे संपलंच, कायमच्या उतारासाठी साधारण १.५ तरी हवं.

पण नुसत्या दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीवर विसंबू नका, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती रायगडमधली इर्शाळवाडी त्या यादीत नव्हतीच!

वर कमानीसारख्या भेगा, कललेली झाडं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, यातलं काही दिसतंय का? आणि पायथा जेसीबीने कापलाय का (हा उद्योग हल्ली सगळीकडे चालतो)? असेल तर पावसात तिथे झोपू नका, तहसीलदारांना लेखी कळवा.