इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या भिंतींवरचा लाल रंग मुळातच लाल होता का? ते कसं ओळखतात?

सगळाच नाही. इ.स. ७९ मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तापलेल्या वायू-राखेने काही पिवळ्या भिंती लाल झाल्या. पिवडीतल्या, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगातल्या, लोहखनिजात पाणी बांधलेलं असतं. साधारण ३०० अंश सेल्सियसला ते निघून जातं आणि उरतं हेमॅटाइट, म्हणजे आपल्या गेरूतलंच खनिज.

एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र भिंत न खरवडता मूलद्रव्यं सांगतं. पारा सापडला तर तो महागडा हिंगूळ. लोह सापडलं तर मात्र गुंता सुटत नाही, कारण पिवडी आणि गेरू दोन्हींत लोहच. रामन वर्णपटाने, म्हणजे लेसरचा प्रकाश कसा विखुरतो त्यावरून, खनिज कळतं, पण हेमॅटाइट मूळचं की तापून झालेलं, हे त्यातूनही सहज उलगडत नाही. मग भिंतच वाचावी लागते: लाल पट्ट्यात पिवळे डाग उरलेत का, भेगेच्या कडेने रंग पालटलाय का? मला या कामातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

गिलाव्याचा कण मिळाला, तर त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रंग ओल्या चुन्यावर दिला असेल, तर त्याचे कण कॅल्शियम कार्बोनेटमध्ये घट्ट धरलेले दिसतात. खालच्या थरांत बऱ्याचदा ज्वालामुखीची काळी वाळू असते.