आधी दिलेली तिकिटं मोजा, मगच काउंटर उघडा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पोकर टूर्नामेंटच्या शनिवारच्या फ्लाइटला, म्हणजे पहिल्या फेरीच्या त्या दिवशीच्या तुकडीला, नव्वद जण आल्टरनेट म्हणून, म्हणजे खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत, पॅसेजमध्ये उभे, टेबलं सांभाळणाऱ्या फ्लोअरच्या माणसावर आरडाओरडा, आणि आता पुढच्या वेळी तीच जबाबदारी तुमच्या गळ्यात. मी गोव्यात मांडवी नदीवरच्या एका कॅसिनो जहाजावर काही वर्षं टूर्नामेंटचं काम पाहिलं आहे, त्यामुळे तो पॅसेज मला डोळ्यांसमोर दिसला.

टेबलं, चिप्स, सीट ड्रॉ हे तुम्हाला येतंच, त्यावर लिहीत नाही. तुम्ही विचारलंय, ‘एकूण किती एन्ट्री घ्याव्यात?’ माझ्या मते प्रश्न एकूण आकड्याचा नाहीच, शेवटच्या दिवसाचा आहे. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचंच बघा. 2006 साली मेन इव्हेंटला 8,773 जण खेळले. 2009 साली त्यापेक्षा कितीतरी कमी, 6,494, आणि तरीही त्याच वर्षी शेकडो खेळाडू एन्ट्रीचे 10,000 डॉलर घेऊन दारातून परत गेले, कारण अनेकांनी डे वन डी, म्हणजे सुरुवात करायच्या चार दिवसांतला शेवटचा, धरून ठेवला होता आणि त्या दिवशीच्या जागा संपल्या. आधीच्या दिवशीची रिकामी टेबलं शेवटच्या दिवशी कामाला येत नाहीत. आपल्याकडे तर मुंबई-पुण्याची मंडळी शुक्रवारी ऑफिस उरकूनच निघतात, म्हणजे शनिवार भरणार हे धरूनच चाला.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे 24 टेबलं, नऊ-नऊ जण, म्हणजे 216 जागा. सॅटेलाइट, म्हणजे छोटी पात्रता टूर्नामेंट, जिंकून तिकीट मिळालेल्यांची यादी बुकिंगच्या ऑफिसकडे असायची. मी शुक्रवारी तीनदा मेल केली, उत्तर नाही. फोन केला तर ‘वीसेक असतील’ एवढंच. मी ते ‘वीसेक’ खरं धरलं. वर जाऊन समोर बसून यादी घ्यायला पंधरा मिनिटं लागली असती, ती मी दिली नाहीत. प्रत्यक्षात तिकिटं 61 होती.

काउंटरवर आम्ही रोखीच्या एन्ट्री घेत राहिलो. चौथ्या लेव्हलपर्यंत (ठराविक वेळाने सक्तीची पैज वाढते, तो एकेक टप्पा म्हणजे लेव्हल) सगळ्या खुर्च्या भरल्या, त्यात तिकीटवाले फक्त 14. लेट रजिस्ट्रेशन आठव्या लेव्हलपर्यंत उघडं होतं, त्यामुळे संध्याकाळच्या विमानाने उरलेले यायला लागले. त्यांची जागा आम्ही दुसऱ्यांना विकून बसलो होतो. ऑफिसला कळवलं तर उत्तर आलं, ‘तो फ्लोअरचा विषय आहे.’ एवढी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की अजून संताप येतो. तिकीट त्यांनी द्यायचं, आणि माणूस समोर उभा राहिला की तो आमचा विषय?

त्यात एक कोल्हापूरचे गृहस्थ होते. रात्रभर बसने आलेले, पहिलीच मोठी टूर्नामेंट. ते उशिरा आलेच नव्हते, दुपारी दोनलाच जेट्टीवर हजर होते. पण यादीत नाव सापडेना म्हणून त्यांना इकडून तिकडे पाठवत राहिले, आणि तोवर जागा गेल्या. सातव्या लेव्हलला मी त्यांना बसवलं. चिप्सचा स्टॅक पूर्ण दिला, 30,000, नियमाप्रमाणे. पण ब्लाइंड, म्हणजे सक्तीच्या छोट्या-मोठ्या पैजा, 500-1,000 झालेले. पहिल्या लेव्हलला जो स्टॅक 150 बिग ब्लाइंडना, म्हणजे मोठ्या पैजांना, पुरला असता तो आता तीसलाच पुरणार होता. वीस मिनिटांत ते बाहेर पडले. जाताना माझ्याशी हात मिळवून गेले, आणि मला एक शब्द सुचला नाही. दोन महिन्यांनी मी ते काम सोडलं.

म्हणून माझं ठाम मत: तिकिटं कितीही असोत, तेवढ्या खुर्च्या आधी वजा करा आणि उरलेल्याच काउंटरवर विका. तिकीटवाल्याने दुसरी लेव्हल संपेपर्यंत यायचंच, नाहीतर जागा आल्टरनेटला जाईल आणि तो स्वतः रांगेत लागेल, हे तिकिटावरच छापा. काहींना हे कडक वाटेल. मला वाटत नाही.

दुसरं, खुर्च्यांआधी डीलर मोजा. दर अर्ध्या तासाला टेबल बदललं आणि दोन तासांनी सुट्टी द्यायची म्हटलं तर चार टेबलांमागे एक जादा डीलर लागतो, म्हणजे 24 टेबलांना 30. टूर्नामेंटबाहेरच्या रोखीच्या टेबलांचे कॅश गेमवाले रात्री त्यातलेच दोन उचलून नेतात, ते आधीच लिहून घ्या. थकलेला डीलर पॉटचा, म्हणजे मधे जमलेल्या पैजांचा, हिशेब चुकवतो, मग फ्लोअरला बोलावणं, मग अख्खं टेबल थांबलेलं.

दहावी खुर्ची टाकायचा मोह होईल. आम्हीही टाकली. पण दहा जणांच्या टेबलावर तासाला हँड, म्हणजे डाव, कमी होतात, माणसं बाहेर पडायला वेळ लागतो, आणि रांग होती तिथेच राहते. पहिल्या दोन लेव्हलपुरती ठीक, पुढे नाही. तुमची जागा मोठी असेल तर अनुभव वेगळा असू शकतो, मी आमच्यापुरतं सांगतोय.

आल्टरनेटची यादी एकच ठेवा, क्रमांकासहित, सगळ्यांना दिसेल अशी स्क्रीनवर. नंबर यादीप्रमाणे, पण कुठली खुर्ची ते ड्रॉनेच ठरवा. ओळखीच्या माणसाला एकदा जरी पुढे घातलंत तरी त्या रात्री तुमचं कोणी ऐकणार नाही.

ब्रेक सगळ्यांना एकदम देऊ नका. दोनशे माणसं आणि मोजकी स्वच्छतागृहं, पंधरा मिनिटं पुरतच नाहीत. निम्म्या टेबलांना दहा मिनिटं आधी सोडा, घड्याळ वेगळं लावावं लागेल, पण जमतं. बक्षिसाच्या काउंटरवरही अशीच कोंडी होते, कारण 30 टक्के टीडीएस कापायचा तर पॅन लागतो आणि निम्म्यांकडे तो फोनच्या कुठल्यातरी जुन्या फोटोत असतो. एन्ट्री घेतानाच पॅन नोंदवून घ्या.

परवान्यात आणि जहाजाच्या प्रवासी क्षमतेत जो आकडा असेल तो शेवटचा, त्यावर माझं मत चालत नाही. मी वकील नाही. आणि हे सगळं गोव्यापुरतं, महाराष्ट्रात असं काही भरवायचा विचारही आधी वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

जहाजावर असाल तर फेरीबोटींचं वेळापत्रकही मागवून घ्या. बाहेर पडलेले उतरायला आणि पुढच्या फ्लाइटचे चढायला एकाच वेळी आले की जेट्टीवर तासभर जातो, आणि तो तास पुन्हा तुमच्याच रजिस्ट्रेशनमधून जातो. तुमची तिकिटं किती आणि डीलर किती, हे दोन आकडे इथे टाका, शनिवारचा हिशेब मी करून देतो.