कढीपत्त्याची मुळं कोण खातं?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. लॉनमध्ये जागोजागी भुसभुशीत मातीचे ढीग दिसतात, भोक मात्र कुठेच नाही. चार वर्षांचा कढीपत्ता अचानक सुकला आणि ओढताच हातात आला. खाली मुळंच नव्हती. पुण्याहून आई म्हणते, घूस असेल, बिळात मिरचीचा धूर दे. आवाज करणारी यंत्रंही लावून झाली. काय करू?

उत्तर: ताई, तिकडच्या थंडीत चार वर्षं जपलेला कढीपत्ता जाणं म्हणजे घरचं माणूस गेल्यासारखंच. पण ही घूस नव्हे, गोफर, म्हणजे जमिनीखाली बोगदे करून मुळं खाणारा तिकडचा उंदरासारखा प्राणी. अर्धचंद्राकार उकीर आणि एका कडेला मातीनं बुजवलेलं तोंड, ही त्याचीच खूण. धूर आला की तो बोगदा आतून बुजवून टाकतो, त्यामुळे मिरची वाया जाईल. यंत्रांचाही उपयोग नाही. त्यांवर आणखी पैसे घालू नका.

सापळाच लावा. ताज्या उकराच्या बुजलेल्या तोंडाच्या बाजूनं, आठ-बारा इंचांवर सळई टोचत जा. ती एकदम दोनेक इंच खाली गेली की मुख्य बोगदा सापडला. तिथे खणून दोन्ही दिशांना एकेक सापळा सरकवा आणि तारेनं खुंटीला बांधा. तुमच्या जवळच्याच लॉस गॅटोसच्या मॅकाबी यांनी १९०० साली पेटंट घेतलेला तारेचा सापळा आजही चालतो. तीन दिवसांत काही लागलं नाही तर जागा बदला. बहुधा एका बिळात एकच गोफर असतो, त्यामुळे ढीग दहा दिसले तरी घाबरू नका.

जीव घ्यायला मन धजत नाही, हे मला कळतं. पण पकडून दुसरीकडे सोडायला कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय कायद्यानं मनाई आहे. विष तर नकोच. मेलेला गोफर खाऊन घुबडं आणि शेजारची मांजरंही मरू शकतात.

नवा कढीपत्ता अर्धा इंची जस्ती जाळीच्या टोपलीत लावा, मुळांना पसरायला ऐसपैस जागा ठेवा आणि जाळीचा काठ मातीच्या थोडा वर राहू द्या. रोप मात्र परवानाधारक नर्सरीतूनच घ्या. मैत्रिणीच्या परसातून आणू नका, कारण लिंबू-संत्र्यांचा जीवघेणा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढते.